बिघडणारे खेळणे

शूद्रकाच्या 'मृच्छकटिक' नाटकाला ना नायकाचे नाव आहे ना नायिकेचे. ते आहे एका खेळण्याचे. मृत् म्हणजे माती आणि शकटिका म्हणजे लहानशी गाडी. गोविंद बल्लाळ देवलांच्या 'संगीत मृच्छकटिक'मुळे चारुदत्त आणि वसंतसेना मराठी प्रेक्षकांच्या घरची माणसे झाली, पण जिच्यावरून नाटकाला नाव पडले त्या गाडीकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही. सहाव्या अंकात चारुदत्ताचा लहानगा मुलगा रोहसेन रडत असतो. शेजारच्या मुलाच्या सोन्याच्या गाडीशी तो खेळला, तो मुलगा आपली गाडी घेऊन गेला, आणि दासी रदनिकेने समजूत काढायला मातीची गाडी करून दिली. पोराला ती नको. वसंतसेना अंगावरचे दागिने उतरवते, मातीच्या गाडीत भरते आणि याची सोन्याची गाडी करून घे म्हणते. पुढे हेच दागिने भर न्यायसभेत चारुदत्ताचा मित्र मैत्रेय याच्या काखेतून खाली पडतात आणि चारुदत्ताविरुद्धचा पुरावा ठरतात. मुलाचे रडणे थांबवायला दिलेले सोने बापाला वधस्तंभापर्यंत नेते.

या प्रसंगाचा अर्थ बहुधा श्रीमंती आणि दारिद्र्याच्या अंगाने लावला जातो, आणि नाटकाच्या दृष्टीने तो बरोबरच आहे. पण मुलांच्या खेळण्यांचा विचार करणाऱ्याला त्यातला एक बारीक तपशील खटकायला हवा. मातीची गाडी रोहसेनाने केलेली नव्हती. रदनिकेने ती करून त्याच्या हातात ठेवली. त्याला मिळाली ती सोन्याच्या गाडीची मातीतली नक्कल, आणि नक्कल म्हटली की अस्सलाशी तुलना आलीच. तीच रदनिका त्याला परसात घेऊन बसली असती, चिखलाचा गोळा त्याच्या हातात दिला असता, चाक वाळायच्या आत गाडीला लावल्यामुळे ते फतकल मारून बसले असते आणि दोघांनी ते पुन्हा केले असते, तर पोर सोन्याची गाडी विसरले असते. निदान तासभर तरी. घरी केलेल्या खेळण्यांची बाजू आपण नेहमी भलत्याच मुद्द्यांवर लढवतो. ती स्वस्त पडतात, प्लास्टिक वाचते, परंपरा टिकते, असे सांगतो. हे सगळे खरे असले तरी त्यातल्या एकाही कारणाशी मुलाला देणेघेणे नसते. मुलाच्या बाजूने पाहिले तर कारण वेगळेच दिसते. त्याने स्वतः केलेले खेळणे हटकून बिघडते, का बिघडले ते उघड्या डोळ्यांना दिसते, आणि ते त्याच्या त्याला दुरुस्त करता येते. घरच्या खेळण्याची सगळी किंमत त्या बिघडण्यात आहे.

म्हणून 'हाताने केलेले' असे म्हणताना हात कोणाचा, हे आधी विचारले पाहिजे. सावंतवाडीच्या चितार आळीतली लाकडी फळे, भाज्या आणि बैलगाड्या हाताने केलेल्या असतात. नागपुरात तान्ह्या पोळ्याला मुले मिरवतात ते लाकडी बैलही हाताचेच. ती खेळणी देखणी असतात, अवश्य विकत घ्यावीत, कारण त्यांवर कारागिराचे पोट चालते. पण मुलाच्या हातात येताना ती कारखान्यातल्या मोटारीइतकीच पुरी झालेली असतात. त्यांच्याशेजारी देशावरच्या पोरांची चिपाडाची बैलगाडी ठेवून पाहावी. ज्वारीचे ताट सोलले की वरच्या सालीच्या कडक चोया निघतात आणि आत मऊ, हलके भेंड उरते. चोय भेंडात खुपसली की सांधा तयार. खिळा नाही, डिंक नाही, सुतळीही नाही. गाडी उभी राहते, दोन दिवसांत भेंड आक्रसते आणि सांधा ढिला पडतो. मग नवे छिद्र, नाहीतर नवी चोय. कारागिराचा बैल वर्षानुवर्षे टिकतो, ही गाडी आठवडाभरही धड राहत नाही. पण सांधा म्हणजे काय, हे तिच्याइतके कुणी शिकवत नाही.

घरात कुणालाही करता येईल असे साधे भिरभिरे घेऊ. एका वीतभर चौकोनी कागदाला दोन्ही कर्णांवर घड्या घालायच्या, चारही कोपऱ्यांपासून घडीवरून आत कापत जायचे आणि मध्याच्या दोन बोटे अलीकडे थांबायचे. आता आठ टोके झाली. त्यातली एकाआड एक चार टोके मध्यावर आणून टाचणीने काडीला अडकवायची, आणि कागद व काडी यांच्या मध्ये एक मणी ओवायचा. कृती एवढीच, पण ती पहिल्या फटक्यात साधत नाही. टाचणी घट्ट बसली तर भिरभिरे हलत नाही. भोक मध्यावर पडले नाही तर ते अडखळत, लंगडत फिरते. मणी विसरला तर पाती काडीवर घासतात. एकाआड एक न घेता शेजारशेजारची टोके दुमडली तर वाऱ्याला पकड मिळत नाही. कागद वर्तमानपत्राचा असेल तर पाती लुळी पडतात, पुठ्ठ्याचा असेल तर वळतच नाहीत. या प्रत्येक बिघाडाचे कारण मुलाच्या नाकासमोर असते आणि त्यावरचा उपाय बोटाच्या एका हालचालीवर. वारा पडला असेल तर काय करायचे, हे तर सांगावेही लागत नाही: मूल भिरभिरे पुढे धरून धावत सुटते. हवा आपल्याकडे आली नाही तर आपण हवेकडे जायचे, हा शोध पाचव्या वर्षी पायांना लागतो. त्यातले भौतिकशास्त्र पुस्तकात पुष्कळ पुढे भेटते. आंब्याच्या कोयीच्या पिपाणीचेही तसेच. पावसाच्या तोंडाला उकिरड्यावर रुजलेली कोय फोडायची, आतली बी एका बाजूने दगडावर घासायची आणि दोन दळांच्या फटीतून फुंकायचे. कमी घासली तर वाजत नाही, जास्त घासली तर नुसती फुसफुसते. नेमके कुठे थांबायचे ते दगडच शिकवतो.

न उलगडलेले कारण मुलांना खेळण्याशी बांधून ठेवते, याला प्रयोगाचा आधारही आहे. लॉरा शुल्झ आणि एलिझाबेथ बोनाविट्झ या संशोधिकांनी 2007 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात शाळापूर्व वयाच्या मुलांना दोन दांड्यांची एक पेटी दाखवली होती. दांड्या दाबल्या की पेटीतून दोन बाहुल्या वर येत. काही मुलांसमोर दोन्ही दांड्या एकदमच दाबल्या गेल्या, त्यामुळे कोणती दांडी कोणती बाहुली उठवते ते कळायला मार्ग नव्हता. इतरांना एकेक दांडी वेगळी दाबून दाखवली. मग सगळ्यांपुढे ती जुनी पेटी आणि एक कोरी नवी पेटी अशा दोन्ही ठेवल्या. ज्यांना उलगडा झाला होता ती मुले साहजिकच नव्या पेटीकडे वळली. ज्यांना झाला नव्हता ती जुन्याच पेटीशी खेळत राहिली. लहान मुलांना सतत नवे काहीतरी लागते, ही आपली पक्की समजूत. या प्रयोगातून तिची दुसरी बाजू दिसते: जुन्यात कोडे शिल्लक असेल तर नव्याची ओढ कमी होते. बटण दाबताच गाणारी मोटार पहिल्या दिवशी सगळे सांगून मोकळी होते. दुसऱ्या दिवशी तिच्याकडे विचारण्यासारखे काही उरत नाही. लंगडणाऱ्या भिरभिऱ्यापाशी मात्र रोज एक प्रश्न शिल्लक असतो.

हाताला जाणवलेला बिघाड किती खोल जातो, याचे एक उदाहरण बालशिक्षणाच्या इतिहासातच आहे. जर्मनीत फ्रेडरिक फ्रोबेलने 1837 साली ब्लांकेनबुर्ग येथे लहान मुलांसाठी संस्था काढली. तिलाच पुढे त्याने किंडरगार्टन हे नाव दिले. त्याने मुलांसाठी जे उद्योग ठरवले त्यांत एक होता भिजवलेल्या वाटाण्यांत काड्या खुपसून आकार बांधण्याचा. अमेरिकेतले विख्यात रचनाकार बकमिन्स्टर फुलर यांनी आपल्या बालवाडीची आठवण सांगितली आहे. लहानपणी त्यांची नजर फार अधू होती. बाकीच्या मुलांनी डोळ्यांना दिसणाऱ्या घरांसारखे चौकोन बांधले. फुलरना घरे धड दिसतच नव्हती, म्हणून ते बोटांनी चाचपत गेले आणि जो आकार डगमगत नाही तोच बांधत राहिले. तो त्रिकोण होता. आपल्याकडे अरविंद गुप्ता यांनी हीच गोष्ट काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे घेऊन केली. कानपूरच्या आयआयटीतून इंजिनिअर झालेले गुप्ता पुण्यात टेल्को कंपनीत नोकरीला होते. 1978 साली ते मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यातील विज्ञानशिक्षणाच्या कार्यक्रमात गेले आणि आठवडी बाजारात मिळणाऱ्या वस्तूंतून त्यांनी खेळण्यांची एक दुनिया उभी केली. पुढे पुण्यात आयुका या खगोलविज्ञान संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेतून ती महाराष्ट्रातल्या असंख्य मुलांपर्यंत गेली. आज व्हॉल्व्ह ट्यूब सहज मिळत नसेल तर रात्री भिजवलेले काबुली चणे आणि उदबत्तीच्या जळून उरलेल्या काड्या चालतात. चार काड्यांचा चौकोन बोटाने ढकलला की कलंडतो. त्यात एक काडी तिरकी घातली की ताठ उभा राहतो. छपराच्या कैचीत आणि रेल्वेच्या पुलात जे तत्त्व आहे, ते चण्याच्या वाटीत सापडते.

यावर कुणी म्हणेल की हा सगळा गरिबीचा गौरव झाला. ज्यांना चांगली खेळणी परवडत नाहीत त्यांची चणे-काड्यांवर बोळवण. हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आपल्याकडे साधेपणाचे कौतुक बहुधा ज्यांच्या घरी सगळे आहे तेच करतात. पण याचे उत्तर बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांच्या कामात आहे. गिजुभाई बधेकांबरोबर 1926 साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन करणाऱ्या ताराबाई 1945 साली बोर्डीला आल्या आणि 1957 साली कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. मॉन्टेसरी पद्धत त्यांनी मनापासून अभ्यासली होती, पण तिचे महागडे साहित्य आदिवासी पाड्यावर नेणे अशक्य होते. त्यांनी शिंपल्या, बिया, खडे, पाने, फुले घेतली. मुले बालवाडीत येईनात तर बालवाडी त्यांच्या अंगणात नेली आणि अंगणवाडी जन्माला आली. यात मॉन्टेसरीच्या विचाराला कुठेही मुरड घातली गेली नाही, कारण त्या विचाराचा गाभा साहित्याच्या किमतीत नव्हताच. मुलाची चूक शिक्षिकेने नव्हे, साहित्याने दाखवावी, हे मॉन्टेसरीचे सूत्र. खाचांत बसवायच्या लाकडी दट्ट्यांपैकी एखादा दट्ट्या चुकीच्या खाचेत बसवला की शेवटचा दट्ट्या बसत नाही आणि मुलाला कुणी न रागावता चूक कळते. घडवंचीवरून घसरणारा शिंपल्यांचा मनोरा नेमके हेच करतो. तेव्हा प्रश्न गरिबाला काय पुरेल हा नाही. श्रीमंत घरातल्या मुलाकडेही चूक दाखवणारे खेळणे आहे का, हा आहे. आणि पुष्कळदा ते त्याच्याकडेच नसते.

याच कसोटीने विकतच्या खेळण्यांनाही न्याय द्यायला हवा. लाकडी ठोकळे दुकानातून आले म्हणून वाईट ठरत नाहीत; ते कोसळतात आणि का कोसळले ते दिसते. बॅटरीची मोटारही बिघडते, पण तिच्या बिघाडाचे कारण स्क्रूने बंद केलेल्या झाकणाआड असते. ते झाकण तसेच घट्ट असायला हवे, कारण गिळलेला बटन सेल जिवावर बेततो. म्हणजे तिथे जी सुरक्षितता योग्य आहे तीच मुलाला कारणापासून दूर ठेवते. घरच्या खेळण्यांनाही सुरक्षेचा प्रश्न चुकत नाही. भारतात जानेवारी 2021 पासून विक्रीच्या खेळण्यांना मानक ब्यूरोचे प्रमाणन सक्तीचे झाले. स्वयंपाकघरात केलेल्या खेळण्याची तपासणी करायला कुणी येत नाही. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांतले सुटे भाग तपासताना जी नळी वापरतात तिचा व्यास 31.7 मिलिमीटर असतो, म्हणजे साधारण सव्वा इंच. तिच्यात पूर्ण मावणारी वस्तू घशात अडकू शकते असे धरतात. या हिशेबाने चणे, मणी, बटणे ही तीन वर्षांखालच्या मुलाच्या हातची खेळणी नव्हेतच. त्याला ओली कणीक, मोठे पुठ्ठ्याचे खोके, पातेली आणि फडताळातल्या वाट्या पुरतात. टाचणी आणि कात्री मोठ्यांच्या हाती राहाव्यात, आणि मोठ्याने जवळ बसावे. जवळ बसणे हाच या खेळण्यांचा खरा खर्च आहे.

आणि तिथेच दुसरा आक्षेप येतो: वेळ कुणाकडे आहे? दोघे नोकरी करणारे, संध्याकाळी सातला घरी पोचणारे आईवडील कागद कापत बसणार कधी? यात तथ्य आहे, पण विकतचे खेळणे वेळ वाचवते तो कशातून वाचवते हेही पाहावे. अमेरिकेत ॲना सोसा यांनी दहा ते सोळा महिन्यांच्या 26 बाळांचा आणि त्यांच्या पालकांचा अभ्यास केला. आवाज आणि दिवे असलेल्या इलेक्ट्रॉनिक खेळण्यांशी खेळताना पालक बाळाशी कमी बोलले. चित्रांची पुस्तके आणि ठोकळ्यांसारखी साधी खेळणी असताना जास्त बोलले. अभ्यास लहान आहे, बाळेही फार लहान आहेत आणि त्यात घरी केलेली खेळणी नव्हती, त्यामुळे त्यावर मोठा डोलारा उभारू नये. पण खेळणे बोलू लागले की माणूस गप्प होतो, एवढे त्यातून दिसते. शिवाय वेळाचा हिशेब आपण फुगवून मांडतो. भिरभिऱ्याला वीस मिनिटे पुरतात, आणि पोळ्या लाटताना मुलाच्या हातात दिलेल्या कणकेच्या गोळ्याला तर वेगळा वेळच लागत नाही.

खरी अडचण वेळेपेक्षा मोठ्यांच्या हातांची आहे. मुलाला जमत नाही असे दिसताच ते पुढे येतात. बोनाविट्झ आणि सहकाऱ्यांनी 2011 साली प्रसिद्ध केलेला आणखी एक अभ्यास इथे आठवावा. नळ्या जोडून केलेल्या एका अनोळखी खेळण्यात चार गमती दडलेल्या होत्या. काही मुलांना मोठ्या माणसाने शिकवण्याच्या सुरात त्यातली एक दाखवली. इतरांच्या बाबतीत तसे शिकवले नाही. शिकवलेली मुले बहुतांशी तेवढीच गंमत करत राहिली. न शिकवलेल्यांनी जास्त वेळ धुंडाळले आणि जास्त गमती शोधल्या. मोठ्याने दाखवले म्हणजे एवढेच असणार, असा मुलांनी तर्क केला, आणि तो वेडगळ नव्हता. आपल्या शाळांतले हस्तकलेचे 'प्रोजेक्ट' याच तर्काचा कळस आहेत. नमुना ठरलेला, थर्माकोलचे तुकडे दुकानात कापून मिळतात, रात्री अकराला आई चिकटवते आणि सकाळी मूल ते दोन हातांत सांभाळून नेते, कारण ते बिघडले तर दुरुस्त करणे त्याला येत नसते. 'स्वतः करा' म्हणून विकली जाणारी तयार खोकीही बहुतेक याच जातीची: प्रत्येक तुकड्याची जागा नेमलेली आणि चूक करायला जागाच नाही. मुलाबरोबर खेळणे करताना मोठ्याने करायचे काम दोनच: जे धोक्याचे ते हाती घ्यायचे, आणि बाकी वेळी हाताची घडी घालून विचारायचे, 'का फिरत नसेल रे?'

उरतो रोहसेनाचा आक्षेप, आणि तो सगळ्यात जुना आहे: मुलाला चकचकीतच हवे असते. यावर खोटे समाधान करून घेण्यात अर्थ नाही. स्वतः केलेल्या वस्तूला माणूस जास्त किंमत देतो, असे प्रौढांवरच्या प्रयोगांत दिसते. मुलांवर केलेल्या, 2018 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हा परिणाम पाच-सहा वर्षांच्या मुलांत आढळला, पण तीन-चार वर्षांच्या मुलांत आढळला नाही. म्हणजे तीन वर्षांचे पोर स्वतःचे वेडेवाकडे भिरभिरे टाकून शेजारच्याची मोटार मागणार, हे गृहीतच धरावे. पण त्याच वयाची दुसरी एक बाजू 2010 च्या एका अभ्यासात दिसली होती. माती एकाची आणि तिला आकार दिला दुसऱ्याने, तर वस्तू कोणाची? मोठ्यांपेक्षा तीन-चार वर्षांची मुले जास्त ठामपणे म्हणाली, ज्याने घडवली त्याची. आपण केलेल्याची किंमत त्या वयात अजून कळत नसेल. पण करण्याने वस्तू आपली होते, हे त्यांना आपल्याहून पक्के ठाऊक असते. चकाकीशी स्पर्धा करण्याची गरजच नाही. मागितली तर मोटारही द्यावी. फक्त ज्या वस्तूवर मुलाची अशी मालकी आहे, अशी एकतरी वस्तू घरात असावी.

तशी एक वस्तू मराठी मुलांकडे दर दिवाळीला असते. किल्ला हे आपल्याकडचे सर्वांत मोठे घरगुती खेळणे आहे, आणि ते मुलांनी मुलांसाठी केलेले असते. विटा, दगड, पोती रचून त्यावर चिखल लिंपायचा, चार-पाच दिवस आधी अळीव पेरायचे, पायऱ्या कोरायच्या, आणि बाजारातून आणलेले शिवाजी महाराज व मावळे जागोजाग मांडायचे. विकतचे आणि हातचे इथे कुरबूर न करता शेजारी नांदतात. चिखल पातळ झाला तर बुरूज घसरतो. उन्हात घाईने वाळला तर तडकतो. अळीव उशिरा पेरले तर पाडव्यापर्यंत डोंगर बोडकाच राहतो. खंदकात ओतलेले पाणी दहा मिनिटांत गायब होते, मग कुणीतरी दुधाची पिशवी फाडून तळाशी अंथरतो, आणि मोठी मुले धाकट्यांना पाणी का झिरपते ते सांगू लागतात. दिवाळी सरली की किल्ला मोडायचा, माती परत कुंडीत. पुढच्या वर्षी तोच बुरूज पुन्हा ढासळतो, पण या वेळी चिखल किती घट्ट हवा हे कुणाला तरी आठवत असते. आता शहरांत प्लास्टर ऑफ पॅरिसचे तयार किल्लेही मिळतात. ते रेखीव असतात, त्यांना तडा जात नाही, आणि त्यांच्या खंदकातले पाणी कधी झिरपत नाही. कारण त्यात पाणी कुणी ओततच नाही.